हुबेहूब

एखाद्याचा एक डोळा गेला की उरलेल्या डोळ्याला जोडीदार बनवून द्यायचा, हे धाकटीचं काम होतं. घरात ती धाकटी, म्हणून कारखान्यातही धाकटीच. पहिल्या दिवशी तिला पोचवायला थोरली बहीण आली होती आणि उंबऱ्यातूनच मालकांना म्हणाली होती, "ही आमची धाकटी. हिला उन्हात उभी करू नका, बाकी काय राबवायचं ते राबवा."

कारखाना म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, खोट्या डोळ्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ वाट्या साच्यात शिजवत आणि घासत. पुढच्या खोलीत धाकटीचं टेबल. तिथल्या खिडकीच्या काचेला उन्हातले बाधक किरण अडवणारा कागद चिकटवलेला होता, कारण धाकटीला ल्युपस होता. रक्तात अँटीबॉडी तयार होतात त्या बाहेरच्या जंतूंवर तुटून पडण्यासाठी. तिच्या अँटीबॉडी घरच्यांवरच धावून जायच्या. कधी सांध्यांवर, कधी कातडीवर, एकदा मूत्रपिंडावर. ऊन लागलं की त्यांना चेव येई. गोळ्या नेमाने घेतल्या की त्या गप्प बसत. अशी बरीच वर्षं निभावली होती.

गिऱ्हाईक तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. ती त्याच्या धड डोळ्यात बघत बघत छोट्या काळ्या चकतीवर बुबुळ रंगवायची. सख्ख्या बायकोनंही त्या माणसाकडे इतकं टक लावून पाहिलेलं नसायचं. कुणी संकोचलं की ती म्हणायची, "लाजू नका. मी तुमच्याकडे कुठे बघतेय, तुमच्या बुबुळाकडे बघतेय." पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू लागत. ते थोरली पुरवायची. ती घरी नाटकाचे पडदे आणि पोशाख शिवायची, आणि रेशमाचा धागा उसवून केसाहून बारीक तंतू काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

काकांचा एक नियम होता. "शंभरातलं नव्वद जुळलं की ब्रश खाली. जिवंत डोळा एका जागी ठरत नाही. सकाळी एक, दुपारी एक. शंभरच्या शंभर जुळला ना, तर खुशाल समज की समोरचाही कुणीतरी रंगवलेलाच आहे." असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर खो खो हसत, तेव्हा त्यांचा उजवा डोळा बारीक होई आणि डावा तसाच राही. डावा धाकटीने केलेला होता.

तिला बारीक ताप येऊ लागला होता. गालांवर आणि नाकावर जुनं लाल पुरळ पुन्हा उठलं होतं. कामाचा ताण असेल, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थोरलीने आकाशपाताळ एक केलं असतं.

सकाळी धाकटीची बोटं आखडलेली असत, म्हणून गोळ्यांच्या बाटलीचं झाकण थोरली उघडायची. त्या सकाळीही तिने उघडलं, तळहातावर गोळ्या घेतल्या आणि हात पुढे केला. "घे महाराणी. का भरवू?"

धाकटीने वर पाहिलं आणि गोळ्या घ्यायच्या राहिल्या.

काहीही बदललेलं नव्हतं. थोरलीच्या डाव्या बुबुळात खाली तपकिरी ठिपका होता, तो होता. भुवईतला जुन्या खोकेचा वण होता. दातात टाचणी धरून बोलायची सवय होती, तीसुद्धा होती. सगळं जिथल्या तिथं. पण आपलं माणूस समोर दिसलं की आत काहीतरी सैल होतं. इतकं सवयीचं असतं ते की होतंय हे आपल्याला कळतही नाही. ते झालं नाही. बटण दाबावं आणि दिवा लागू नये, तसं.

"अशी काय बघतेस गं भुतासारखी?" समोरची बाई म्हणाली.

काम चांगलं आहे, धाकटीच्या मनात आलं. कुणाचं असेल?

तिने गोळ्या तोंडात घेऊन जिभेखाली दडवल्या, पाणी प्यायली आणि मोरीत जाऊन गोळ्या रुमालात काढल्या. ओळखदेख नसलेल्या बाईच्या हातून कोण औषध घेईल?

धाकटी आरडाओरडा करणारी नव्हती. तिने आधी तपासणी केली. "ताई, जरा उजेडाकडे बघ. डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं दिसतंय." तिने टॉर्च मारला. बाहुली आकसली, टॉर्च हलवला तशी पसरली. रंगवलेल्या डोळ्याची बाहुली हलत नाही. या धंद्यातल्या भल्याभल्यांनी त्यापुढे हात टेकले होते. म्हणजे कुणीतरी ते कोडं सोडवलं होतं, आणि काकांना पत्ताही नव्हता.

मग तिने प्रश्न विचारून पाहिले. लहानपणी गच्चीवरून कोण पडलं होतं? आईच्या कपाटाची किल्ली कुठे असायची? बाईने सगळी उत्तरं धडाधड दिली, वर हसून म्हणाली, "परीक्षा घेतेयस की काय माझी? पास झाले तर बक्षीस काय?" तिथेच धाकटीची खात्री पटली. खरी थोरली निम्म्या गोष्टी विसरली असती. ही अभ्यास करून आली होती.

त्यानंतर घर वेगळंच वाटायला लागलं. शिलाई यंत्र चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आणि थांबलं की बंद दाराआडून आपल्याकडे कुणीतरी कान लावलाय असं तिला वाटायचं. दारामागे थोरलीच्या चपला होत्या, खुंटीवर तिची पिशवी, पिशवीत तिचा चष्मा. म्हणजे थोरली अनवाणी गेली होती, चष्म्यावाचून. हा विचार आला की धाकटीला रडू फुटायचं. बाई बाजारात गेली की ती कपाटं उघडून बघायची, टांगलेल्या पोशाखांच्या रांगेत हात घालून हलक्या आवाजात हाक मारायची, "ताई? तू आहेस का गं इथं?" राजाराणीचे रिकामे पोशाख हलायचे आणि स्थिर व्हायचे. एकदा तिला वाटलं, त्यातल्या एकाने हाकेला ओ द्यायला श्वास घेतला. तिने कपाट लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

ताप आता रोज चढत होता. केस फणीत पुंजक्याने यायचे. बाई म्हणायची, "चल, डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ," आणि धाकटी म्हणायची, "बघू." डॉक्टरांना काय सांगायचं हे या बाईने आधीच ठरवलेलं असणार.

शेवटी तिने आपल्याला येत होतं ते केलं. कारखान्यात बसून, कुणी समोर नसताना, थोरलीचा डावा डोळा मनाने रंगवला. लहानपणापासून पाहिलेला डोळा. त्याला नमुना कशाला हवा? चकती रुमालात गुंडाळून ती घरी आली. बाई खिडकीपाशी बसून पडद्याला झालर लावत होती.

"ताई, हलू नकोस. एका गिऱ्हाइकाचा रंग तुझ्यासारखा आहे, जरा ताडून बघते."

"बघ बाई. फुकटचा नमुना आहे घरात."

धाकटीने चकती तिच्या डोळ्यालगत धरली. कडेचा करडा घेर जुळला, आतला मधासारखा पट्टा जुळला, ठिपका जुळला. ती फरक शोधत राहिली आणि फरक सापडेना. शंभरच्या शंभर. तिच्या हातात एक रंगवलेला डोळा होता आणि समोर दुसरा, आणि दुसरा पापणी लववून तिच्याकडे बघून हसला.

"जुळला का गं?"

"जुळला," धाकटी म्हणाली, आणि मोरीत जाऊन तिने आतून कडी लावली.

कारखान्यात ही गोष्ट बाहेर पडली ती एका निवृत्त बसड्रायव्हरमुळे. त्यांचा डावा डोळा शस्त्रक्रियेत काढला होता. ते समोर बसले, आणि धाकटी त्यांच्या उजव्या डोळ्यात बराच वेळ बघत राहून म्हणाली, "हा कुणाकडून करून घेतलात? हात चांगला आहे."

"बाई, डावा करायचाय. उजवा माझाच आहे."

"ते ठीक. पण केला कुणी?"

"आईबापाने!" ड्रायव्हर म्हणाले. मागच्या खोलीत काका फसकन हसले.

"माझ्यापासून लपवू नका," धाकटी शांतपणे म्हणाली. "आमच्या घरीही त्याच हातचे दोन आलेत. ते लोक माणसाचं काय करतात, तेवढं सांगा. माझी बहीण कुठे ठेवलीय?"

काकांचं हसणं मध्येच तुटलं. ते हात पुसत बाहेर आले. ड्रायव्हरना त्यांनी दाराबाहेर नेऊन काहीतरी सांगितलं आणि परत येऊन धाकटीसमोर तीच खुर्ची ओढून बसले. बिघडलेले डोळे टाकायचा तिच्या टेबलाचा खण अर्धवट उघडा होता. आत डोळ्यांच्या ढिगात, रुमालाच्या चिंध्यांत, ओल्या होऊन वाळलेल्या गोळ्या पडल्या होत्या. कितीतरी. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"धाकटे, हे काय?"

"ती देते. मी घेत नाही."

"कोण ती?"

धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. काकांना सांगायला हरकत नव्हती. त्यांचा डावा डोळा आपण केलेला, तो खोटा आहे हे आपल्याला ठाऊक. तेव्हा काका खरे. ज्याच्यात खोटं काय ते दिसतंय तोच माणूस भरवशाचा, असा तिचा सरळ हिशेब होता. काकांनी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. "चल, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ," ते म्हणाले. "मी आहे बरोबर."

इस्पितळात तिला ठेवून घेतलं. रक्त काढलं, मेंदूचे फोटो काढले, पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. खोलीची खिडकी पडद्याने झाकलेली होती. काचेच्या दाराबाहेर बाकावर ती बाई बसून होती, थोरलीचीच पिशवी मांडीवर घेऊन.

डॉक्टरीणबाई सावकाश बोलणाऱ्या होत्या. "पहिल्यांदा मला गोळ्यांचाच संशय आला. या गोळ्यांनीही क्वचित डोकं फिरतं. पण तुम्ही त्या सोडल्यात, आणि तरी त्रास वाढत गेला. तुमच्या रक्तात एक विशिष्ट अँटीबॉडी खूप वाढलीय. पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, त्यांना ती चिकटते. ल्युपसमध्ये मन बिघडलेल्या काही जणांत ती सापडते. सापडली म्हणजे बिघडतंच असं नाही, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. पण ताप, पुरळ, मणक्यातलं पाणी, सगळ्यांचं बोट एकीकडेच आहे. मेंदूभोवती कुंपण असतं. ते कुठेतरी ढिलं झालंय."

"म्हणजे मला चुकीचं दिसतंय?"

"दिसतं बरोबर. चेहरा वाचणं हे एक काम, आणि 'ही आपली' असं वाटणं हे दुसरं. तुमचं दुसरं काम बंद पडलंय."

धाकटीने थोडा विचार केला. "आणि ती खरोखरच दुसरी कुणी असेल, तर मला कसं वाटायला हवं?"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "असंच."

"मग?"

त्यांनी औषधाचं सांगितलं. शिरेतून द्यायचं, जोरकस औषध. आज सुरू करायला हवं. मूत्रपिंडही पुन्हा सुजलं होतं. थांबलो तर जे जाईल ते परत येईलच असं नाही, मेंदूतलंही.

"ते पाणी तिने आणलंय का?" टांगलेल्या सलाइनच्या पिशवीकडे बघत धाकटीने विचारलं. "मी घेणार नाही."

काका समजावून थकले. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या आणि दार पूर्ण लागायच्या आत त्यांचा आवाज आत आला. "हात बांधून देता येईल. तुमची संमती पुरेल. पण पुढे महिनोन् महिने हे औषध घ्यायचंय, दर वेळी बांधणार का?"

"नको," ती बाई म्हणाली. "मला बोलू द्या एकदा. तुम्ही इथंच थांबा."

ती आत आली. पलंगापासून दूर, भिंतीशी उभी राहिली. डॉक्टरीणबाई दारात, काका त्यांच्यामागे. तिने पदराने तोंड पुसलं आणि धाकटीकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही म्हणता ते खरं आहे," ती म्हणाली. "मी तुमची बहीण नाही."

धाकटीने पांघरूण ओढून घेतलं. थोरलीने तिला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आणि या बाईनेही आजवर म्हटलं नव्हतं. इतके दिवस उसनं आणलेलं ते 'तू' तिने आता काढून बाजूला ठेवलं होतं.

"ती कुठे आहे?"

"आहे. सुखरूप आहे. तुमच्या काळजीने अर्धी झालीय."

"तिचा चष्मा घरीच राहिलाय."

बाईचा ओठ किंचित हलला. "माहीत आहे. मी पोचवीन."

"तू का आलीस?"

"झाकणं उघडायला. तुमच्या बोटांनी उघडत नाहीत म्हणून." तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला. "बाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण तिला शोधायचं तर पायात बळ हवं, डोकं जागेवर हवं. इथं झोपून राहिलात तर ती तिकडे वाट बघत राहील. हे औषध घ्या, बऱ्या व्हा आणि खुशाल तिला शोधायला जा. मी आड येणार नाही."

"शपथ घे."

"माझ्या शपथेला तुमच्या लेखी काय किंमत?"

हे धाकटीला पटलं. गेले कित्येक दिवस ही बाई गोड गोड खोटं बोलत होती. आज पहिल्यांदा हिशेबाने बोलली.

"तुझं नाव काय?"

बाईने क्षणभर वर बघितलं, जणू तिथे कुठे लिहिलेलं आहे. "अजून ठेवलेलं नाही," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. मग धाकटीने हात पुढे केला, आतली बाजू वर करून, आणि परिचारिकेने शीर शोधली.

औषध चढत राहिलं. मध्ये बरे दिवस होते आणि फार वाईट दिवस होते. बाई रोज यायची, भिंतीशी बसायची, 'तुम्ही' म्हणायची. पाणी हवं का, विचारायची. ती जे जे बोलायची ते पगारी दाईसारखं, मोजून. धाकटीला तिची सवय झाली. एकदा तर तिने विचारलंही, "तुला घरी कुणी आहे का गं?" बाई म्हणाली, "एक बहीण होती," आणि चटकन उठून बाहेर गेली.

रक्तातली अँटीबॉडी उतरत गेली. ताप गेला. आणि एका सकाळी दार ढकलून ती आत आली, हातात चहाचा थर्मास, काखेत पिशवी, दातात चष्म्याची दांडी, आणि धाकटीच्या आत दिवा लागला. इतका अचानक की ती उठूनच बसली.

"ताई!"

थोरलीने थर्मास खाली ठेवला. आधी भिंतीकडे तोंड फिरवलं, मग तशीच पाठमोरी म्हणाली, "किती उशीर गं, मेले." आणि मग दोघी रडल्या, हसल्या, आणि चहा गार झाला.

घरी आल्यावर थोरलीने सगळी कपाटं उघडी टाकून घर झाडून काढलं. काकांनी काम सुरू करायची घाई केली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या दिवसांत जे जे वाटलं ते आजाराचं होतं, त्यातलं काही मनाला लावून घ्यायचं नाही. धाकटीने लावून घेतलं नाही. हाकेला ओ द्यायला श्वास घेणारा पोशाख, कान लावून बसलेलं दार, ड्रायव्हरचा रंगवलेला डोळा. एकेक करून सगळं तिने आजाराच्या खाती टाकून दिलं. सुटं उरलं ते एकच वाक्य, 'मी तुमची बहीण नाही.' ते तिला वाटलेलं नव्हतं. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, काका उभे होते, आणि त्यांनीही ते ऐकलं होतं.

एका दुपारी तिने विचारलं. थोरली रेशीम उसवत होती.

"ताई, तेव्हा तू म्हणालीस ते..."

"खोटं बोलले. तुझ्या हातात सुई जायला हवी होती."

"माहीत आहे. पण इतकं पटकन सुचलं कसं तुला?"

"नाटकवाल्यांच्यात जन्म गेला माझा." थोरलीने धागा उजेडाकडे धरला. "बोलायला सोपं होतं. ऐकायला तू होतीस ना, तुझ्या तोंडाकडे बघून पुढचं पुढचं सुचत गेलं." मग हलकेच, "ते तुम्ही-तुम्ही मात्र जड गेलं. तेवढं पुन्हा करायला लावू नकोस."

आवाज शांत होता. इस्पितळात होता तसाच शांत.

धाकटी डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवत बसली. आपली माणसं ओळखण्याचं काम बंद पडलं होतं, ते औषधाने सुरू झालं. तपकिरी ठिपका, भुवईतला वण आणि हा आवाज समोर आला की आता दिवा लागणार, रोज, बिनचूक. तो चेहरा घेऊन जी कुणी समोर उभी राहील तिच्यासाठी लागणार. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा पाठीत सुई घालतील, आणि पाण्यात काही सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं आखडलेली होती. थोरलीने झाकण उघडलं, गोळ्या तळहातावर घेतल्या. धाकटी बघत राहिली. तिच्याजवळ विचारायला एकही प्रश्न नव्हता ज्याचं उत्तर उपयोगी पडलं असतं.

"अगं घे ना, हात दुखतोय माझा."

"हो ताई," धाकटी म्हणाली. तिने गोळ्या उचलल्या आणि तिच्या देखत गिळल्या. मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली.

थोरलीने वाकून तिच्या तोंडात पाहिलं. नीट, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून.